रात्रपाळी आणि पाळी

शीर्षक वाचून काही जणांनी पान उलटलं असेल. कृपया उलटू नका! मुलांनो, तुम्ही तर अजिबात नको. उद्या तुमच्यातलेच काही जण टीम लीडर होणार आणि कुणी कुठल्या शिफ्टला यायचं ते ठरवणार. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

गोष्ट पाचव्या सेमिस्टरची. सबमिशन, मिनी प्रोजेक्ट आणि त्यातच टेक-फेस्टचं काम. आमच्या रूममधला दिवा रात्री तीनच्या आत कधी बंद झाला नाही. सव्वानऊच्या लेक्चरला नऊला उठायचं, मेसचा नाश्ता बुडवायचा आणि रविवारी दुपारी बारापर्यंत ताणून द्यायची. हॉस्टेलवर सगळेच असं करतात, त्यामुळे त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही. एक दिवस सहज कॅलेंडर पाहिलं आणि लक्षात आलं, की पाळी येऊन ६७ दिवस झाले आहेत.

रूममध्ये ताबडतोब निदान झालं. एक म्हणाली, "पीसीओडी असणार, माझ्या बहिणीला आहे." दुसरी म्हणाली, "टेन्शन गं, दुसरं काय!" तिसरीने पपई खायला सांगितली. मी रात्री दोन वाजता मोबाईलवर शोधत बसले आणि पहाटेपर्यंत मला एकूण चार आजार झाले होते.

शेवटी गावातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले, थायरॉईड, प्रोलॅक्टिन आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या लिहून दिल्या आणि मग म्हणाल्या, "बाळ, झोपतेस किती वाजता?"

"तीनला."

"आणि सुटीच्या दिवशी उठतेस कधी?"

"बाराला."

"म्हणजे पगार न घेता रात्रपाळी करतेस की!"

त्या रात्री आईला फोन केला. आई सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळ, दुपार, रात्र अशी फिरती ड्युटी ती चोवीस वर्षं करते आहे. जरा वेळ गप्प राहून ती म्हणाली, "अगं, माझंही तसंच व्हायचं. नाइट लागली की तारीख पुढे जायची. वॉर्डातल्या बऱ्याच जणींचं तसंच. पण आम्ही कधी कुणी बोललो नाही."

मला हे विचित्र वाटलं. झोपेचा आणि पाळीचा संबंध असेल, तर तो कुठल्या वायरने जोडला आहे? मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी, सर्किट समजल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून वाचायला बसले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते आहे.

मेंदूतलं मास्टर क्लॉक

दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत एकमेकींना जिथे ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याचं नाव सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस, थोडक्यात एससीएन. हे आपल्या शरीराचं मास्टर क्लॉक. यकृत, गर्भाशय, अंडाशय अशा अवयवांतही छोटी घड्याळं असतात, पण ती या मुख्य घड्याळाच्या तालावर चालतात. पेशीतलं हे घड्याळ जनुकांच्या फीडबॅकवर कसं चालतं, ते फळमाशीवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे आपलं घड्याळ बरोबर २४ तासांचं नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापानुसार त्याची सरासरी २४ तास ११ मिनिटं भरते. मोकळं सोडलं तर ते रोज थोडं थोडं मागे पडत जाईल. त्याला रोज सकाळी जुळवून घेणारा सिंक पल्स म्हणजे उजेड. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असलेल्या काही पेशी असतात. चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही, "दिवस आहे की रात्र" एवढं त्या घड्याळाला कळवतात. निळ्या प्रकाशाला, म्हणजे साधारण ४८० नॅनोमीटरला, त्या सर्वांत जास्त दाद देतात. आपली पांढरी एलईडी ट्यूब आणि मोबाईल, दोन्हींत निळा भाग भरपूर असतो. अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक सुटतं आणि उजेड पडला की ते कमी होतं. थोडक्यात, रात्री दोन वाजता ट्यूबखाली बसलेल्या मुलीच्या घड्याळाला संदेश जातो, की अजून संध्याकाळच आहे.

डीसी नको, पल्स हवी

आता दुसरं सर्किट. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. ते खालच्या पियुषिका ग्रंथीला पोहोचतं. तिथून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात उतरतात आणि अंडाशयाला कामाला लावतात. अंडाशयातून इस्ट्रोजेन तयार होतं आणि ते वर फीडबॅक देतं. कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकात शोभेल असा क्लोज्ड लूप!

यातला महत्त्वाचा भाग असा, की जीएनआरएच धारेसारखं वाहत नाही, ठोक्या-ठोक्याने सुटतं. १९७८ साली अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांवर प्रयोग केला. माकडांचं स्वतःचं जीएनआरएच बंद करून ते बाहेरून तासाला एक ठोका असं दिलं, तर एफएसएच आणि एलएच नीट सुटू लागले. तेच औषध सतत, न थांबता दिलं, तर दोन्ही खाली गेले. म्हणजे डीसी दिला तर यंत्रणा बंद आणि पल्स दिली तर चालू. नुसतं संप्रेरक असून भागत नाही, त्याची फ्रीक्वेन्सीही बरोबर लागते.

चक्राच्या पहिल्या भागात हा ठोका साधारण ६० ते ९० मिनिटांनी पडतो. बीजांड पिकत जातं, इस्ट्रोजेन वाढतं आणि ते पुरेसं वाढून टिकलं, की एरवी निगेटिव्ह असणारा फीडबॅक चक्क पॉझिटिव्ह होतो. एलएचची मोठी लाट येते आणि साधारण दीड दिवसात बीजांड सुटतं. त्यानंतर सुमारे १४ दिवसांनी पाळी येते.

इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली. दुसरा भाग बहुतेक जणींत बराचसा ठरलेला असतो. लांबतो तो पहिला भाग. म्हणजे "पाळी लांबली" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांपूर्वी बीजांडच उशिरा सुटलेलं असतं किंवा सुटलेलंच नसतं. अपुरं खाणं, आजारपण, मोठा ताण यांनी हायपोथॅलॅमस ठोके मंद करतो. शरीराच्या दृष्टीने तो एक प्रकारचा सेफ मोड असतो.

उंदरांची दुपार

घड्याळ आणि ठोके ही दोन सर्किटं जोडलेली आहेत, हे कळलं उंदरांवरून. मादी उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. १९५० साली एव्हरेट आणि सॉयर या दोघांनी बीजांड सुटण्याच्या आदल्या दुपारी, दोन ते चारच्या दरम्यान, उंदरांना गुंगीचं औषध दिलं. त्या रात्री बीजांड सुटलं नाही. औषध उतरल्यावर काही तासांनी सुटेल असं आपल्याला वाटेल. पण तेव्हाही नाही, ते सुटलं बरोबर एक दिवस उशिरा! संधी होती ती त्या दुपारचीच. ती हुकली की दुसऱ्या दुपारची वाट पाहायची.

डिजिटलच्या भाषेत ही सरळ ॲण्ड गेट झाली. इस्ट्रोजेन पुरेसं हवं आणि घड्याळाचाही होकार हवा, तेव्हाच आउटपुट. पुढे असंही दिसलं, की उंदराचं एससीएन निकामी केलं तर ही लाट येईनाशी होते. घड्याळाचा हा निरोप पोहोचवणाऱ्या पेशी किसपेप्टिन नावाचं द्रव्य वापरतात. त्याचं जनुक अमेरिकेतल्या हर्षी या गावी सापडलं आणि तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून त्याला नाव मिळालं!

माणसात ही गेट इतकी कडक नाही. रात्रपाळी करणाऱ्या असंख्य बायकांना नियमित पाळी येते, मुलं होतात. पण घड्याळाचा हात आहे हे नक्की. बऱ्याच स्त्रियांत एलएचची लाट मध्यरात्र ते सकाळ या वेळात सुरू होते. एवढंच नव्हे, तर वयात येताना एलएचचे ठोके आधी झोपेतच वाढू लागतात.

परिचारिकांनी दिलेली माहिती

प्रयोगशाळेबाहेर काय दिसतं? यातली बरीच माहिती आईच्याच व्यवसायातून आली आहे. अमेरिकेत १९८९ साली परिचारिकांच्या आरोग्याचा दुसरा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या ७१,०७७ जणींच्या माहितीवरचा एक निबंध २०११ साली आला. दोन वर्षांत २० महिने किंवा जास्त फिरती रात्रपाळी केलेल्या गटात, ती न केलेल्यांच्या तुलनेत, अनियमित पाळीचं प्रमाण २३ टक्क्यांनी जास्त होतं. २१ दिवसांहून लहान आणि ४० दिवसांहून मोठी चक्रंही त्यांच्यात जास्त आढळली.

इथे एक सावधगिरी बाळगा. २३ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या तेवीस जणींना त्रास झाला असं नव्हे. समजा एका गटात शंभरात दहा जणींची पाळी अनियमित असेल, तर दुसऱ्यात ती बारा-तेरा जणींची असेल. फरक खरा आहे, पण घाबरून जाण्याइतका नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली अमेरिकेतल्याच परिचारिकांवर आणखी एक निबंध आला. दिवस जाण्यासाठी किती काळ लागतो, हे त्यात पाहिलं होतं. रात्रपाळीचा तिथे स्पष्ट परिणाम दिसला नाही. मात्र आठवड्याला ४० तासांहून जास्त काम करणाऱ्यांना सुमारे २० टक्के जास्त काळ लागला. म्हणजे काम कधी करता याच्याइतकंच किती करता हेही पाहायला हवं.

आईने न सांगितलेली गोष्ट

तिसरा अभ्यास डेन्मार्कचा, २०१९ सालचा. त्यात २२,७४४ गरोदर स्त्रियांच्या ड्युटीच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच रुग्णालयांत काम करणाऱ्या. आठव्या आठवड्यानंतर ज्यांनी एका आठवड्यात दोन किंवा जास्त रात्री काम केलं, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त निघाला.

हे मी दिवाळीच्या सुटीत आईला वाचून दाखवलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "तुझ्या आणि दादाच्या मध्ये एक होतं. तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हा माझी नाइट चालू होती." मला हे माहीतच नव्हतं. तिने तेव्हा ड्युटी बदलण्यासाठी अर्ज केला होता, "स्टाफ कमी आहे" असं उत्तर आलं. आणि घरी? घरी आजी म्हणाली होती, "रात्री-अपरात्री बाहेर राहिल्यावर दुसरं काय होणार!"

मी आईला सांगितलं, की सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत मुळात गुणसूत्रांतच दोष असतो. त्याला कुणीच काही करू शकत नाही. आकडे हजारो बायकांबद्दल बोलतात. एका बाईच्या बाबतीत नेमकं काय झालं, हे त्यांतून सांगता येत नाही. पण एक गोष्ट नक्की सांगता येते. ड्युटी बदलून देणं कुणाच्या तरी हातात होतं आणि ती व्यक्ती आई नव्हती. आई काही बोलली नाही. पण पुढचे दोन दिवस ती मला, "तो कागद पुन्हा दाखव गं," म्हणत होती.

मग बायकांनी रात्री काम करूच नये का?

माझ्या मते हा निष्कर्ष साफ चुकीचा. आपल्याकडे तो वापरून झालेला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या कलम ६६ ने स्त्रियांना कारखान्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामाला ठेवायला बंदी केली होती. त्यामुळे कित्येक नोकऱ्यांची दारं बंद राहिली. परिचारिका मात्र तेव्हाही रात्रभर जागतच होत्या, कारण रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे! महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत, स्त्रीची संमती आणि तिच्या सुरक्षेची सोय असेल तर काम करू दिलं. हे योग्यच झालं. पण चर्चा होते ती गाडीची आणि सुरक्षारक्षकाची. सलग किती रात्री, मध्ये किती विश्रांती, गरोदरपणात काय, हे प्रश्न मागेच राहतात.

आपल्या हॉस्टेलचंही तेच. नऊला गेट बंद, म्हणजे मुली सुरक्षित. आत तीनपर्यंत ट्यूब चालू, त्याचं कुणाला काही नाही! घड्याळाला गेटशी कर्तव्य नाही, त्याला उजेडाशी आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: दोष बाईला देऊ नका, वेळापत्रक तपासा.

करायचं काय?

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं आणि मी वाचलेलं, दोन्ही एकत्र देते.

१. झोपण्यापेक्षा उठण्याची वेळ आधी पक्की करा. रविवारीही तासाभराहून जास्त फरक नको. आपल्या वयाला ७ ते ९ तास झोप लागते.

२. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर घालवा. गच्चीवर चहा प्यायलात तरी चालेल.

३. रात्री अकरानंतर मोठी ट्यूब बंद, टेबल लॅम्प चालू. मोबाईल हाताच्या अंतराबाहेर.

४. कॅफीनचं हाफ-लाइफ साधारण ५ तास. अकराला कॉफी घेतली, तर पहाटे चारला तिच्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं.

५. नाश्ता बुडवू नका. उपाशी शरीराचा हायपोथॅलॅमस काटकसर करतो.

६. तारीख लिहून ठेवा. तीन महिने पाळी आली नाही, चक्र वारंवार २१ दिवसांच्या आत किंवा ३५ च्या पुढे जात असेल, रक्तस्राव आठवड्याहून जास्त टिकत असेल, तर डॉक्टरांकडे जा. दिवस राहिल्याची शक्यता असेल तर आधी ती तपासा, लाजू नका. सगळं झोपेवर ढकलू नका. थायरॉईड असू शकतं, पीसीओएसही असू शकतं. पीसीओएस बऱ्याच स्त्रियांत असतं. पण पहिली पाळी येऊन ८ वर्षं व्हायच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून ते ठरवू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे मैत्रिणीच्या निदानावर तर मुळीच जाऊ नका!

७. पुढे शिफ्टची नोकरी लागली तर सलग रात्री कमी मागा. शिफ्ट बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने. आपलं घड्याळ २४ तासांहून जरा लांब असल्याने पुढे सरकणं सोपं जातं. दिवसा झोपायच्या खोलीला जाड पडदे लावा. गरोदरपणात रात्रपाळीतून सूट लेखी मागा. आणि टीम लीडर असाल, तर ती मागायची वेळ येऊ देऊ नका.

माझं पुढे काय झालं? थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ठीक निघालं. हिमोग्लोबिन ९.६, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मी साडेबाराला झोपू लागले, नाश्ता सुरू केला आणि दुसऱ्या महिन्यात पाळी आली. झोपेमुळेच आली, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मधल्या काळात सबमिशनही संपलं होतं. एका वेळी इतके व्हेरिएबल बदलल्यावर प्रॅक्टिकलमध्ये सरांनी मला शून्य मार्क दिले असते!

या लेखाचा कच्चा खर्डा मी आमच्या गेटवरच्या मावशींना वाचून दाखवला. एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र अशी त्यांची ड्युटी. त्या म्हणाल्या, "ताई, माझंपण दोन वर्षं असंच चाललंय. मला वाटलं, वय झालं." मावशी अडतीस वर्षांच्या आहेत. आम्ही काही जणी रेक्टर मॅडमना भेटलो. मॅडमनी तिन्ही मावशींना समोर बसवून विचारलं. एकीला कायम रात्रच हवी होती, कारण सकाळी मुलांची शाळा असते. दुसरीला रात्र नकोच होती. आमच्या मावशींना आठवड्याऐवजी महिन्याने बदल हवा होता. शास्त्रात न बसणारं थोडं असेल, पण तिघींनी मिळून ठरवलेलं नवं वेळापत्रक आता गेटच्या केबिनमध्ये लागलं आहे. तिघींना विचारायचं मात्र आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

तर मंडळी, आज रात्री रूमचा दिवा जरा लवकर घालवा. आणि हो, हा संपूर्ण लेख मी दिवसा लिहिला आहे!

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स